सुमंतरावांचे सात स्वेटर

एकाच सकाळी, किल्ल्यावरच्या एका भिंतीपाशी उभं राहून, बेचाळीस वेळा स्वेटर बदलणारा माणूस साताऱ्यात वाईकर सरांच्या आधी झाला नसावा. झाला असला, तरी त्याबद्दल त्याला शाल आणि नारळ मिळाला नसणार. सरांना मिळाला. तो कसा मिळाला आणि मिळाल्यावर काय झालं, हे सांगण्यासारखं आहे.

सुमंतराव वाईकर मुळात लबाड नव्हते, हे आधीच नमूद केलेलं बरं. तीस वर्षं ते हायस्कुलात गणित शिकवत आले होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी कुणालाही अर्धा मार्क फुकट दिला नव्हता. त्यांचं वैर होतं ते फक्त थंडीशी. दर वर्षी दिवाळी उरकली की ते "यंदा चालायचंच" असं घरात जाहीर करत, नवे बूट आणत, आणि ते बूट घालून कोपऱ्यावर दूध आणायला जात. घरात अशा बुटांचे चार जोड होते आणि चारही अगदी नवे दिसत होते.

पण यंदा मध्ये नाना होते.

नाना म्हणजे सरांचे सासरे गोपाळकृष्ण. राहणार सांगली, विश्रामबाग. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर मोजणी खात्यात होते, आटपाडीच्या उन्हात साखळ्या टाकून लोकांच्या बांधांची भांडणं त्यांनी मिटवली होती. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते न्हाणीघरात घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, आणि नाना जे कॉटवर आडवे झाले ते आडवेच राहिले. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता रोज थोडं थोडं चालायला हवं. दोन महिन्यांत चालायला लागले तर ठीक, नाहीतर मग कायमचे कॉटवर." सरांच्या पत्नी अनसूयाबाई माहेरी जाऊन राहिल्या होत्या. त्यांनी विनवून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. नाना भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणत, "या थंडीत? उन्हाळ्यात बघू."

शेवटी एकदा अनसूयाबाई वैतागून म्हणाल्या, "नाना, तिकडे साताऱ्यात आमच्याकडचे रोज किल्ला चढायचं म्हणताहेत, आणि तुम्हाला फाटकापर्यंत जाववत नाही?"

नाना कितीतरी दिवसांनी हसले. "कोण, सुमंतराव? ज्या दिवशी जावईबापू थंडीचे किल्ल्यावर दिसतील, त्या दिवशी मी काठी घेऊन फाटकापर्यंत जाईन. रोज दिसले तर रोज जाईन. फोटो मात्र दाखवायचा."

हे बोलणं अनसूयाबाईंनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, "अहो, एवढं कराच. मी आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही." हे विधान गणिताच्या दृष्टीने तपासण्यासारखं होतं, पण सरांनी तपासलं नाही. "उद्यापासून," ते म्हणाले.

उद्या म्हणजे एक डिसेंबर, सोमवार.

सरांच्या शेजारी नाथाजी राहत. मूळचे मेढ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आता गल्लीतल्या पहाट मंडळाचे सर्वेसर्वा. हे मंडळ रोज साडेपाचला अजिंक्यतारा चढे आणि साडेसातच्या आत परत येई. रविवारी मात्र बदल म्हणून यवतेश्वरला जाई. नाथाजी सव्वापाचला गल्लीत शिट्टी मारत. ज्याला मंडळात यायचं नसेल, तोही त्या शिट्टीने उठून बसे.

"आवं सर, येताय व्हय? लय झ्याक!" नाथाजी खूश झाले. "थंडी ही मनात असती, अंगात न्हाई. बर्फात होतो आमी, बर्फात! तितं दाढीला पानी कापून घ्यावं लागायचं."

बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. एक म्हणाला, मोजे दोन-दोन घाला. दुसरा म्हणाला, मोजे घालूच नका, पाय अनवाणी ठेवले की डोकं गरम राहतं. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की चढताना नाकाने श्वास घ्यावा आणि उतरताना तोंडाने; सरांनी चढतानाच दोन्हीकडून घेतला आणि तरी तो पुरला नाही. नाथाजींच्या पत्नी विजयमाला यांचं म्हणणं, थंडीत चालणाऱ्याच्या पोटात बाजरी आणि तूप हवं. एवढा एकच सल्ला सरांना मनापासून पटला.

चार दिवस सर खरंच चढले. माकडटोपी, मफलर, हातमोजे, आणि आतून बनियनवर बनियन. पहिल्या दिवशी दुसऱ्या वळणावर त्यांना एक म्हातारी मागे टाकून गेली, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन. तिने जाता जाता "दमलासा काय?" असं विचारलं, ते त्यांना फार लागलं. चौथ्या दिवशी मांड्या इतक्या धरल्या की शाळेत ते फळ्याच्या खालच्या निम्म्या भागात लिहूच शकले नाहीत. पण रोज फोटो सांगलीला गेला आणि रोज नाना उठले. पहिल्या दिवशी दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत, चौथ्या दिवशी फाटकापर्यंत.

पाचव्या दिवशी सरांना जाग आली ती साडेआठला.

दहा वाजता फोन आला. "नाना विचारत होते, फोटो आला का. नाही म्हटल्यावर काठी परत कोपऱ्यात ठेवली त्यांनी." सहाव्या दिवशी सर शिट्टीबरोबर उठले, पलंगाच्या कडेला बसून एक मोजा घातला, आणि दुसरा मोजा हातात धरून तसेच झोपले. त्या दिवशी अनसूयाबाई रागावल्या नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या. नसेल जमत तर राहू द्या."

त्या रागावल्या असत्या तर पुढचं रामायण घडलं नसतं. त्या आवाजाने सरांच्या काळजाला घरं पडली. एक म्हातारा आपल्यामुळे कॉटला खिळणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. आणि उद्या पुन्हा पहाटे उठायचं, ही कल्पना तर त्याहून सहन होईना. या दोन असह्य गोष्टींच्या मधून वाट काढायला बसले आणि त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला.

घरात स्वेटर निघाले सात. तीन स्वतःचे, एक सासरी गेलेल्या मुलीचा, मयूरीचा, कॉलेजातला, एक कुणीतरी लग्नात दिलेला, एक नाथाजींकडून मागे आणलेला लष्करी, आणि एक अनसूयाबाईंचा जांभळा, पुढे गुंड्यांचा आणि खिशावर फुलं विणलेला. टोप्या तीन. मफलर दोन. सात गुणिले तीन गुणिले दोन, बेचाळीस. म्हणजे सहा आठवडे, सतरा जानेवारीपर्यंत. तोवर नाना बरे झालेले असतील, थंडीही ओसरलेली असेल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

रविवारी मंडळ यवतेश्वरला गेलेलं पाहून सरांनी सगळा माल पिशवीत भरला आणि स्कूटरवरून थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गेले. वर एक जुनी भिंत आहे आणि तिच्याजवळ विजेचा खांब. भिंतीमागे सगळं सातारा शहर दिसतं. त्यांनी फोन दगडावर टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि साडेसातला कामाला सुरुवात केली. फोटो तारखेच्या क्रमानेच काढायचे, म्हणजे रोज पाठवताना घोटाळा नको, असं ठरवल्यामुळे प्रत्येक फोटोला स्वेटर बदलावा लागला. एका फोटोला दोन मिनिटं. मध्ये एक कुत्रं येऊन शेजारी बसलं. सरांनी त्याला हाकललं, कारण बेचाळीस दिवस तेच कुत्रं त्याच जागी बसलेलं दिसलं तर संशय येईल. एवढा बारीक विचार त्यांनी केला होता. नऊ वाजता काम संपलं तेव्हा ते घामाने भिजले होते. डिसेंबरात त्यांना घाम आला तो तेवढाच.

पहिला फोटो त्यांनी तिथूनच पाठवला. अकरा वाजता उत्तर आलं: "नाना फाटकाबाहेर गेले! दोन घरं पुढे!!" सरांनी ते चार वेळा वाचलं आणि त्यांना वाटलं, यात पाप कुठे आहे?

पाप नव्हतं, पण कष्ट मात्र फार होते. मंडळातून नाव काढताना त्यांनी नाथाजींना सांगितलं होतं की मला घोळक्यात चालवत नाही, तुम्ही उतरलात की मी साडेसातला एकटा चढेन. आता साडेसात ते नऊ ते किल्ल्यावर आहेत असं दिसणं आलं. म्हणून सर सव्वासातला बूट घालून निघत, बाहेरून कुलूप लावत, गल्लीला वळसा घालून मागच्या परसातून घरात शिरत, आणि खिडक्या बंद करून दीड तास अंधारात पांघरूण घेऊन बसत. दिवा लावायचा नाही. गॅस पेटवायचा नाही, कारण आल्याच्या चहाचा वास विजयमालांच्या ओट्यापर्यंत जातो. खोकला आला तर उशीत खोकायचा. पावणेनऊला मानेवर गार पाणी शिंपडून, पुन्हा परसातून बाहेर पडून, गल्लीच्या तोंडापासून धापा टाकत यायचं. झोप तर कधीच गेली होती. व्यायाम चुकवण्यासाठी त्या गृहस्थाने जेवढी मेहनत केली, तेवढ्यात किल्ला रोज चढून उतरून झाला असता, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या अंधारात, चष्म्याशिवाय, त्यांनी सांगलीला पाठवायचा फोटो चुकून पहाट मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

नाथाजी दारात आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "सर, माफी करा. मला वाटलं तुमी नुसतंच सांगताय. आन् तुमी एकलेच चढताय रोज? गाजावाजा न करता? गड्या, याला म्हंत्यात जवान! आता रोज टाकायचा फोटो ग्रुपवर. आमची पोरं बघतील, शिकतील."

तेव्हापासून फोटो दोन ठिकाणी जाऊ लागला आणि गल्लीत सरांचं वजन वाढलं. खरोखरचंही वाढलं. विजयमाला डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "आवं भावजी, वैनी हितं न्हाईत, आन् तुमी एवढं चढताय. अंगावर काय तरी नगं व्हय?" पोस्टमास्तरांकडून मेथीचे लाडू आले. संक्रांतीच्या सुमाराला तिळाच्या वड्या तर परातीने आल्या. सर नाही म्हणू शकत नव्हते, कारण एवढा व्यायाम करणाऱ्याने लाडू नाकारायला कारण काय? सगळ्यात सैल होता तो लष्करी स्वेटर, जानेवारीत तोही पोटावर बसेना. फोटोत मात्र ते डिसेंबरातलेच राहिले. "बारीक दिसताय हां," अनसूयाबाई फोनवर म्हणत आणि सर एक लाडू खाली ठेवत.

तिकडे विश्रामबागेत नाना चालत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. मग गणपतीच्या देवळापर्यंत. मग देवळाला एक प्रदक्षिणा. अनसूयाबाईंच्या आवाजातला थकवा गेला होता. "सकाळी उठल्या उठल्या आधी तुमचा फोटो बघतात," त्या सांगत. "चष्मा लावून, जवळ धरून बघतात. मग उठतात." हे ऐकताना सरांना आनंद होई आणि लगेच हातातला लाडू कडू लागे. हा दोष मेथीचा, असं ते स्वतःला समजावत.

संक्रांतीला अजून आठवडा होता तेव्हा वीरधवल आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, दहावीला गणितात दोनदा राहिलेला आणि सध्या वॉर्डाचं भावी नेतृत्व. आल्या आल्या पाया पडला. "सर, तुमी आमचं दैवत हाय. एक पण दिवस खाडा न्हाई! अठरा तारखेच्या रविवारी किल्ल्यावर भव्य सत्कार. सकाळी साडेसहाला पायथ्यापासून समदा वॉर्ड चढणार. तुमी फुडं, आमी मागं. फ्लेक्स लावतोय चौकात."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, फ्लेक्स वगैरे नको. उगाच रस्त्यावर..."

"परवानगीचा अर्ज टाकलाय, सर. समदं कायदेशीर."

अर्ज हा शब्द ऐकून सरांना आशा वाटली. कागद कुठेतरी अडतोच, असा त्यांचा आयुष्याचा अनुभव होता. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत ते नगरपालिकेत परवानगीच्या खिडकीवर गेले आणि हळूच म्हणाले, "तो वाईकरांच्या फ्लेक्सचा अर्ज आहे ना, त्याला माझी हरकत आहे." खिडकीतल्या गृहस्थाने वर पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. तो पहाट मंडळातला निघाला. म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः कशाला आलात? फोटोतल्या माणसाची सही राहिली होती, ती घरी येऊन घेणार होतो." सर म्हणाले, मला हरकत नोंदवायची आहे. तो म्हणाला, हरकतीचे छापील अर्ज संपलेत, सोमवारी येतील. ना हरकतीचे मात्र भरपूर आहेत. मागे रांग होती, रांगेतले लोक "अहो, हेच ते किल्ल्यावाले" असं कुजबुजत होते, आणि एकाने तर पेन पुढे केलं. सरांनी सही केली. परवानगी पाच मिनिटांत मिळाली.

फ्लेक्स लागला. वीरधवलचा फोटो पुरुषभर, फोनवर बोलतानाचा. सरांचा त्याच्या निम्मा. खाली अक्षरं: थंडीवर मात करणारे किल्लेवीर मा. सुमंतराव वाईकर सर. आणि ग्रुपवरच्या फोटोंतून नेमका निवडला होता अनसूयाबाईंच्या जांभळ्या स्वेटरमधला, फुलांसकट. शाळेत जायच्या वाटेवरच तो चौक होता. सरांनी वाट बदलली.

सत्काराच्या आदल्या दोन दिवसांत त्यांनी एक बेत केला. शनिवारी पायाला पट्टी बांधायची आणि मुरगळला म्हणायचं. पट्टी आणली, बांधलीही. तेवढ्यात दारात गाडी थांबली. अनसूयाबाई उतरल्या आणि मागचं दार उघडून म्हणाल्या, "थांबा नाना, मी हात देते."

"नको," आतून आवाज आला. आधी काठी बाहेर आली, मग नाना. ते सरळ उभे राहिले, गल्ली न्याहाळली आणि कुणाचा हात न धरता चालत ओट्याच्या तीन पायऱ्या चढले. दीड महिन्यापूर्वी हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना रडू फुटेल असं वाटलं. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतला, वाकून पट्टी सोडली आणि खिशात कोंबली.

"सत्कार बघायला आलो," नाना म्हणाले.

रविवारी साडेसहाला पायथ्याशी सत्तर माणसं, एक हलगी आणि नाथाजींची शिट्टी असा सरंजाम जमला. सर पुढे. पहिल्या वळणापर्यंत इज्जतीच्या जोरावर गेले. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्यावर त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली आणि ती इतका वेळ बांधली की नाथाजी म्हणाले, "सर आपल्यासाठी थांबत्यात रं! शिस्त बघा!" शेवटच्या वळणावर मात्र ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि त्यांनी मनाशी कबूल केलं की आता संपलं.

अनसूयाबाई आणि नाना गाडीने वर चालले होते. गाडी सरांपाशी थांबली. नाना खाली उतरले. "इथून तीनशे पावलं असतील. मी जावईबापूंबरोबर चालतो. बाकीचे व्हा पुढे."

लोक हेलावले. "बघा, सासऱ्याला सोबत म्हणून थांबलाय मानूस," नाथाजी म्हणाले आणि सगळ्यांना पुढे घालून निघून गेले. हलगीचा आवाज वळणाआड गेला. दोघं सावकाश चालू लागले.

"त्या भिंतीजवळचा खांब," नाना म्हणाले. "त्याची सावली फोटोत भिंतीवर पडते. पहिल्या दिवशी वरून तिसऱ्या दगडावर होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या जरा खाली. तिसऱ्या दिवशी आणखी तेवढीच. मी बेचाळीसही फोटो मोजलेत. रोज बरोबर दोन मिनिटं उशीर. बेचाळीस दिवसांत सूर्य दीड तास पुढे गेला. एवढा नेमका माणूस मी अख्ख्या मोजणी खात्यात पाहिला नाही."

सर जागच्या जागी थांबले. तीस वर्षं त्यांनी खांबाची उंची आणि सावलीची लांबी शिकवली होती. पेपरात हमखास येणारं गणित ते. कुत्रं हाकललं आणि सावली विसरले.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"पाचव्या दिवशी. भयंकर राग आला. म्हटलं, बाहेर जाऊन फोनवर तुमची हजेरी घ्यावी, अनसूयेला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या रागात देवळापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की आपण देवळापर्यंत आलोय." नाना हसले. मग काठीवर भार देऊन उभे राहिले. "परत आलो तर ती तुमचा फोटो शेजारच्या बाईंना दाखवत होती. महिनाभर माझं अंथरूण काढणारी पोर, पहिल्यांदा तशी हसत होती. कसा सांगणार तिला? सुमंतराव, तुम्ही तिला फसवत होता आणि मी तुम्हाला झाकत होतो. म्हटलं, आपल्या दोघांपैकी एकाने तरी खरं चालायला हवं."

सरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून तास संपवला असता तरी वाटली नसती. तीनशे पावलं ते खाली मान घालून चालले आणि वर पोचेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता.

शाल झाली, नारळ झाला, वीरधवलने अर्धा तास स्वतःविषयी सांगितलं. मग सरांच्या हातात माइक आला.

"मी या सत्काराला पात्र नाही," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. साताऱ्यात आजवर ज्याचा ज्याचा सत्कार झाला, त्याने सुरुवात याच वाक्याने केली होती.

"नाही, खरंच पात्र नाही. मी हा किल्ला रोज चढलेलो नाही."

"किती ते मोठं मन!" पोस्टमास्तर म्हणाले. टाळ्या वाढल्या.

सर घामाघूम झाले. "अहो, ऐका! मी एका रविवारी स्कूटरने आलो. सात स्वेटर आणले. इथे, या भिंतीपाशी उभं राहून सगळे फोटो एकदम काढले. सकाळी मी घरात लपून बसायचो, बाहेरून कुलूप लावून!"

लोक पोट धरधरून हसू लागले. वीरधवलने डोळे पुसत माइक ओढून घेतला. "सर वर्गात पण असंच हसवायचं आमाला!" हे धादांत खोटं होतं, सरांच्या वर्गात तीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं. नाथाजींनी शिट्टी मारली, हलगी वाजू लागली आणि सरांचा कबुलीजबाब त्यात बुडून गेला.

एकच माणूस हसत नव्हतं. अनसूयाबाई भिंतीकडे बघत होत्या. मग खांबाकडे. मग त्यांचे ओठ हलले. त्या स्वेटर मोजत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी सातही स्वेटर काढले, सहा ट्रंकेत टाकले, ट्रंकेला तेच बाहेरच्या दाराचं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. उरलेला सरांच्या हातात दिला. तो जांभळा होता. "होळीपर्यंत हाच," त्या म्हणाल्या. आणि मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मी तिकडे सगळ्यांना दाखवत होते हो." सरांनी जांभळा स्वेटर अंगात चढवला आणि एकेक गुंडी लावली.

"होळीपर्यंत मीही इथेच आहे," आतल्या खोलीतून नाना म्हणाले.

सोमवारी साडेसातला कोवळं ऊन पडलं होतं. नाना आणि जांभळ्या स्वेटरातले सर चालत चौकात आले. फ्लेक्स अजून होता आणि त्यावरही जांभळ्या स्वेटरातलेच सर होते. शाळेत जाणारी दोन पोरं एकदा वर आणि एकदा खाली बघून खुदखुदली. नाना फ्लेक्सच्या खांबाजवळच्या कट्ट्यावर बसले. त्यांनी खिशातून खडू काढला, काठी टेकत वाकले आणि खांबाच्या सावलीपासून वीतभर अंतरावर फरशीवर एक रेघ मारली.

"सावली या रेघेवर येईतो किल्ल्याच्या दरवाजाला हात लावून खाली यायचं. फोटो नको."

"आणि उशीर झाला तर?" सरांनी विचारलं.

"तर मी तुम्हाला शोधायला वर येईन," नाना म्हणाले. "चालत."

सर निघाले. दुसऱ्या वळणावर धाप लागली, मांड्या भरून आल्या, आणि कडेला एक दगड दिसला. ऊन छान पडलेलं, दगड कोरडा, बसायला ऐसपैस. सरांनी खाली वळून पाहिलं. चौकात नाना एवढेसे दिसत होते. ते किल्ल्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रेघेवर होती आणि काठी हातात तयार होती.

सरांनी दगडाला वळसा घातला आणि चालू लागले. त्या म्हाताऱ्याचा काही भरवसा नव्हता. तो खरंच वर आला असता.